पट्ट्यांवरून चालणारी माणसं

चिमणीचा बाप डोक्यात राख घालून शाळेसमोरच्या रस्त्यावर फतकल मारून बसला आणि पोलिसांनी त्याला उचलून नेलं. झालं! आता कुबडी घेऊन चालणाऱ्या लेकीला रस्ता पार करून द्यायचा, की नवऱ्याला सोडवायला पळायचं? चिमणीच्या आईने शिलाई मशीन बंद केलं आणि कपाळाला हात लावला. एका भरधाव गाडीने लेकीची कुबडी उडवली होती. पुढच्या वेळी कुबडीवरच निभावेल याचा काय भरवसा? पोरीची शाळाच बंद करावी, एवढंच तिला सुचत होतं.

शेजारच्या काकूंनी उभा जन्म लोकांना गाडी शिकवण्यात घालवलेला. त्या म्हणाल्या, "शाळा कशाला बंद करतेस? रस्त्यात बसला, तिथे तो चुकला. पांढऱ्या पट्ट्यांवरून माणूस चालत असेल, तर गाडीनं थांबायचं, असा नियमच आहे. आपण नुसतं चालायचं."

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या वेळेला सगळी गल्ली शाळेसमोरच्या पट्ट्यांवरून पलीकडे निघाली, आणि पोचली की परत अलीकडे. न्हावी, पाववाला, कडेवर पोरं घेतलेल्या बाया, सुटून आलेला चिमणीचा बापसुद्धा. गाड्यांची ही भलीमोठी रांग! पाववाल्याला मध्येच चेव चढला. तो उभा राहून घोषणा द्यायला लागला, तशी काकूंनी त्याला ढोसलं. "मेल्या, पाय हलव! थांबलास की उचलतील."

पोलीस साहेब आले. "हे काय चाललंय?"

"काही नाही साहेब, आम्हीच चाललोय," काकू म्हणाल्या. नियम साहेबांनाही पाठ होता. ते आल्या पावली परत गेले.

चालणं रोज सुरू राहिलं आणि शेवटी तिथे सिग्नल बसला.

त्या सकाळी चिमणीने फर्मान काढलं, "आई, मी एकटी जाणार." आई कडेला उभी राहिली. पोर अर्ध्यात पोचली नाही तोच चालणाऱ्यांचा हिरवा दिवा गेला. आईने धावायला पाय उचलला.

पण एकही गाडी हलली नाही. चिमणीच्या मागून पाववाला, न्हावी आणि काकू मुंगीच्या पावलांनी चालले होते. चिमणीने मागे वळूनही पाहिलं नाही. पलीकडे पोचून तिने ऐटीत कुबडी उंच केली.

आईचे डोळे भरून आले. परतलेल्या काकूंचे हात तिने घट्ट धरले. "काकू, कसे उपकार फेडू हो तुमचे?"

"उपकार कसले! दिव्याची वेळ कमी पडतेय, ती वाढवून घेऊ. तोवर उद्यापासून तूही ये चालायला."