पलीकडून बोलतोय

चपलांची रांग जिना उतरून फाटकाबाहेर गेली होती. खोलीत मावेल तेवढी गल्ली खोलीत होती आणि उरलेली बाहेरच्या गॅलरीतून खिडकीच्या गजांना चिकटली होती. सगळ्यांच्या माना टेबलावरच्या रेडिओ सेटकडे. सेट काळा, चौकोनी, कडांवर घासून पांढरा झालेला. शेजारी स्पीकरची लाकडी पेटी, तोंडावर जाडंभरडं कापड ताणलेलं. पेटीला अगदी चिकटून खुर्चीत आई बसलेली.

"मोबाईल बंद करा," स्वरगुरू म्हणाले. "यंत्राच्या लहरी आणि आत्म्याच्या लहरी एकत्र नांदत नाहीत."

पटापट मोबाईल बंद झाले. समोरच्या काकूंना बंद करता येईना, त्यांनी तो सरळ पदराखाली दाबला.

स्वरगुरूंनी झब्ब्याच्या खिशातून लोखंडी चिमटा काढला, गुडघ्यावर आपटला. टण्ण्ण.

"आत्मा म्हणजे काय?"

"लहर!" गर्दीला आता पाठ झालं होतं.

"लहर मरते का?"

"नाही!"

"मग जाते कुठे?"

इथे गर्दी दर वेळी अडखळायची. एकदा मागून कुणीतरी "ऑफिसला" म्हणालं होतं, त्याला बाहेर काढलं होतं. उत्तर स्वरगुरू स्वतःच द्यायचे.

"पलीकडे!"

आणि सेट खरखरला. मग त्या खरखरीतून, अगदी जवळून, बाबांचा आवाज आला.

"पलीकडून बोलतोय. जाऊ नका. थांबा." बारीकसा खोकला. "मी येतोच."

खोलीनं श्वास सोडला. खिडकीतलं एक बाळ रडायला लागलं. आईनं डोळे मिटून पेटीला कपाळ टेकवलं.

"ऐकलंत?" स्वरगुरू आईकडे वळले. "जाऊ नका म्हणतायत. ही जागा सोडायची नाही, माई. ते येतील तेव्हा तुम्ही इथे हव्यात. आणि हा आवाज या घराबाहेर जगात कुठेही उमटत नाही, हे लक्षात ठेवा. ही खोली आता स्वरपीठ आहे."

दाराच्या चौकटीला टेकून मुलगी हे बघत होती. आवाज खोटा असता तर तिनं तेव्हाच तमाशा केला असता. पंचाईत अशी की आवाज बाबांचाच होता. "थांबा"मधला 'थां' किंचित ओढणारा, जगात दुसऱ्या कुणाचाही नसलेला.  आणि तिला लाज वाटायची, कारण पुढच्या बैठकीची वाट तीही बघायला लागली होती.

बाबांची नोकरी पाणीपुरवठ्यात होती आणि जीव रेडिओत. परवाना काढून हौसेनं रेडिओवर बोलणाऱ्यांची जी मंडळी असते, त्यातले ते जुने. मुलीलाही परीक्षा द्यायला लावून त्यांनी परवाना मिळवून दिला होता; तिनं तो कपाटात टाकला आणि छापखान्यात मुद्रितं तपासायला लागली. बाबा गेले तेव्हा ती आली, ती अजून परत गेलेली नव्हती. मुद्रितांचे गठ्ठे आता टपालानं इथेच यायचे.

कारण आई खुर्ची सोडत नव्हती. जेवण तिथे, डुलकी तिथे. अंघोळीला गेली तरी दार उघडं ठेवायची आणि लेकीला पेटीपाशी उभं करायची. आईच्या डोळ्यांना काचबिंदू होता. गेलेली नजर परत आणता येणार नाही, उरलेली वाचवता येईल, पण शस्त्रक्रिया लवकर व्हायला हवी, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. ठरलेली तारीख आईनं हुकवली. दुसरी मिळवली, तीही हुकवली. आता तिसरी जवळ आली होती आणि आई पेला टेबलाच्या कडेच्या बाहेर ठेवायला लागली होती.

"आई, या वेळी जायचंच."

"आणि हे आले म्हणजे? रिकामी खुर्ची बघायची त्यांनी?"

"आई, बाबा गेले."

"गेले म्हणूनच पलीकडून बोलतायत ना! इथे असते तर स्वयंपाकघरातून ओरडले असते, चहा झाला का म्हणून."

"तुझे डोळे जातील."

"ऐकायला डोळे लागत नाहीत," आई म्हणाली. विषय संपला.

मुलीनं खिडकी उघडली तर आई म्हणायची, आवाज बाहेर जाईल. पंखा लावला तर म्हणायची, आवाज कापला जाईल. आपण एका डबीत राहतोय आणि झाकण आईनं आतून धरून ठेवलंय, असं मुलीला वाटायचं.

पुढच्या बैठकीला ती चौकटीत उभी राहिली नाही. पेटीच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसली आणि आवाज आला तेव्हा न राहवून तिनं स्पीकरच्या कापडावर तळहात ठेवला. लहानपणी ठेवायची तसा.

"पलीकडून बोलतोय. जाऊ नका. थांबा." खोकला. "मी येतोच."

दोन गोष्टी तिच्या ध्यानात आल्या. पहिली, खोकला. तो दर वेळी तिथेच, तेवढाच, त्याच दोन शब्दांच्या मध्ये येत होता. छापखान्यात एकच ओळ चुकून दोनदा जुळली की तिच्या नजरेतून सुटत नसे. इथे इतके दिवस ती सुटली होती.

दुसरी गोष्ट तळहाताला लागली. शब्दांच्या खालून एक बारीक, सलग घूं घूं. कानाला ऐकू न येणारी, पण कातडीला कळणारी. आवाज थांबला तशी तीही थांबली.

ही घूं घूं तिला माहीत होती. बाबांनीच तिचा इवलासा हात त्या कापडावर धरला होता. "हा टोन. बोलण्याच्या खालून वाहतो. आपल्या कानाला लागत नाही, पण सेटला लागतो. माझा सेट एरवी बहिरा असतो बघ. ओळखीचा टोन घेऊन आला त्यालाच दार उघडतो, बाकीच्यांना बाहेर उभं करतो. नव्या सेटमध्ये टोन गाळून टाकतात. आपला म्हातारा आहे, थोडा गळतो."

तिथेच, भर गर्दीत, तिच्या मनात तो प्रश्न आला आणि तिला एकदम हसूच फुटलं. ते तिनं खोकल्याखाली दडवलं. परलोकातून येणाऱ्या आवाजाला टोन कशाला लागतो?

गर्दी पांगल्यावर तिनं गच्चीवरून पलीकडच्या काकांना फोन लावला. डोंगराच्या पलीकडच्या गावात राहणारे हे बाबांचे रेडिओमित्र. तिनं त्यांना कधी पाहिलं नव्हतं. आवाज मात्र सख्ख्या काकाइतका ओळखीचा.

"काका, तुमच्या सेटवर बाबांचा आवाज येतो का हल्ली?"

काकांनी आधी खरखरणारा सेट बारीक केला. मग, "पोरी, तू जेवलीस का?"

"मला काही झालेलं नाही हो. आमच्याकडे येतो. 'पलीकडून बोलतोय, जाऊ नका, थांबा' म्हणतात."

"अगं, ते तो दर फेरीला म्हणायचा!" काका जवळजवळ ओरडलेच. "आठवड्यातून एकदा रेडिओवर सगळ्यांची हजेरी घ्यायचा ना, तीच फेरी. आधी तुमच्या बाजूची माणसं, मग टोन बदलून आमच्या बाजूला यायचा. तेवढ्यात तुमच्याकडचे लोक सेट बंद करून पळायचे. म्हणून डोंगराच्या पलीकडून त्यांना हाक मारायचा. पलीकडून म्हणजे आमच्याकडून, बाई! स्वर्गातून नव्हे."



काका बोलत राहिले. डोंगराच्या दोन्ही बाजूंना एकेक रिपीटर होता, म्हणजे टेकडीवरचं यंत्र, जे कमजोर आवाज उचलून जोरात पुढे पाठवतं. घरच्या टोननं बोललं की शब्द अलीकडेच राहायचे. जोडटोननं बोललं की मधली कडी उघडायची आणि शब्द डोंगर ओलांडायचे. बाबांनीच बसवली होती ती व्यवस्था.

"मग तुम्हाला ऐकू कसं येत नाही?"

"कारण तो चोर टेकडीकडे जातच नाही. लहानसा हातातला सेट घेऊन तुमच्या घराजवळ उभा असणार, थेट तुमच्या सेटच्या कानात बोलत असणार, घरचा टोन लावून. बरं, फेरीच्या वेळी माझ्या खोलीत एक टोपीवाला येऊन बसायचा, बोलायचा काही नाही. एकदा मात्र विचारलं, 'दादांचा आवाज रेकॉर्ड करू का, आठवण म्हणून?'"

मुलीला टोपी आठवली. स्वरगुरू पहिल्यांदा आले तेव्हा तशीच टोपी घातलेला शिष्य सोबत होता. 'सेट शुद्ध करून देतो' म्हणाला, बटणं दाबून टोनचे आकडे बघितले. त्यानंतर बैठकीला तो कधीच आत आला नव्हता.

"काका, पुढच्या बैठकीला तुम्ही सेटपाशी बसाल?"

"मी उठतोय कशाला?"

बैठकीच्या दिवशी गर्दी जिन्यावरून ओसंडत होती. बैठक सुरू होण्याआधी, आई तोंड धुवायला गेली तेवढ्यात, मुलीनं सेटचा टोन बदलला. घरचा काढला, जोडटोन लावला. एवढंच.

चिमटा वाजला. आत्मा लहर झाला. लहर पलीकडे गेली. सेट गप्प.

स्वरगुरूंनी पुन्हा चिमटा आपटला. "पलीकडे!" जरा मोठ्यानं.

सेट गप्प. फक्त त्याच्या कपाळावर एक हिरवा दिवा पेटला होता.

"कुणाचा तरी मोबाईल चालू आहे," स्वरगुरू म्हणाले. कपाळावर घाम.

"आहे ना," मुलगी म्हणाली. "काकू, स्वरगुरूंना फोन लावा बरं."

"आता?" समोरच्या काकूंनी पदराखालून मोबाईल काढला, चालू केला, लावला, कानाला धरला.  "अगंबाई, व्यस्त लागतोय."

"आत्म्याशी बोलत असतील," मागून कुणीतरी म्हणालं. बहुधा तोच, ऑफिसवाला.

"नाही. गल्लीत बसलेल्या शिष्याशी. खिशातला फोन चालू असतो, त्यावर चिमट्याचा आवाज गेला की तो बटण दाबतो. हा हिरवा दिवा दिसतोय? कुणीतरी जवळून सेटवर बोलतंय, याची ती खूण. सेटनं आज दार उघडलं नाही, कारण कुलूप मी बदललंय. आता उघडून दाखवते."

तिनं टोनची अट काढून टाकली. बाबांचा आवाज खोलीत अर्ध्या वाक्यात घुसला.

"...नका. थांबा." खोकला. "मी येतोच. पलीकडून बोलतोय. जाऊ नका. थांबा." खोकला. "मी येतोच. पलीकडून..."

बिचारा टोपीवाला काम होत नाही म्हणून पुन्हा पुन्हा लावत होता. तिसऱ्या खोकल्याला एकजण हसला. चौथ्याला बरेच. खिडकीवरची माणसं गल्लीकडे धावली. पांढऱ्या गाडीत, मांडीवर रेकॉर्डर आणि हातात सेट घेतलेला टोपीवाला तिथेच सापडला. आवाज तुटला. दिवा विझला.

"ही परीक्षा आहे श्रद्धेची!" स्वरगुरू उठत म्हणाले.

"परीक्षाच होती," मुलगी म्हणाली. "पेपर तुमचा होता."

पण तिला जिंकल्यासारखं वाटलं नाही. आई तिच्याकडे बघत होती, नजर थोडी बाजूला लागलेली.

"आनंद झाला तुला?" आई हळू बोलली. "एकदा गेले होते. आज तू दुसऱ्यांदा नेलेस."

 मुलगी आईच्या पायाशी बसली, जोडटोन पुन्हा लावला, माईक उचलला, आपली परवान्याची ओळख सांगितली. इतक्या वर्षांनी ती तिला तोंडपाठ होती.

"पलीकडे कुणी आहे का?"

"पलीकडून बोलतोय," पेटी म्हणाली. गर्दीतली अर्धी माणसं दचकली. "जिवंत आहे मी, घाबरू नका. वहिनी आहेत का तिथे?"

 मुलीनं तिचा हात धरून स्पीकरच्या कापडावर ठेवला.

"वहिनी, मी सगळी वर्षं ऐकलंय त्याला. तो 'थांबा' म्हणायचा हे खरं. पण थांबा म्हणून कुणाला लटकत ठेवून तो कधी गेला नाही. फेरी संपली की दर वेळी म्हणायचा, 'झालं, आता कडी लावतो. आपापल्या कामाला लागा.' मग जोड बंद करायचा. त्या चोरानं तेवढं कापून टाकलं. ते वाक्य ठेवलं असतं तर तुम्ही केव्हाच उठला असता."

आईनं तळहात कापडावर आणखी दाबून धरला.

"ही घूं घूं कसली गं?" तिनं विचारलं.

"टोन, आई. बाबांनी बसवलेला. हा खरंच त्यांचा आहे."

आईनं माईक मागितला. बटण कुठे ते तिला दिसेना. मुलीनं अंगठा त्यावर ठेवून दिला.

"भावोजी," आई म्हणाली, "उद्या माझ्या डोळ्यांचं आहे. घरी कुणी नसेल. हाक मारली तर वाट बघू नका. कडी लावते."

मग ती खुर्चीचे हात धरून उठली. पाय अवघडले होते, म्हणून गर्दीनं वाट करून दिली.

त्या गर्दीत मूर्ख कुणी नव्हतं. ज्याचं माणूस गेलंय त्याला हाक ऐकायची असते आणि ठग नेमका तिथेच येऊन उभा राहतो. म्हणून एवढंच करावं: आवाज कितीही ओळखीचा वाटला तरी आणखी कुणाला येतो का, हे विचारावं. दर वेळी तोच खोकला येतो का, ते मोजावं. मोबाईल बंद करा म्हणणाऱ्याचा मोबाईल बघावा. आणि जो आवाज तुम्हाला खुर्चीतून उठू देत नाही, तो तुमच्या माणसाचा नाही, हे पक्कं धरावं. आपली माणसं जाताना आपल्याला कामाला लावून जातात.