नीलगाईचा घास

मित्रांनो, मी एक म्हातारी घोडी आहे. दात झिजले, गुडघे दुखतात, पण आठवणी शाबूत आहेत. तरुणपणी मी काशीत एक्का ओढला. पुढे वरातीत नवरदेव मिरवले. बँड कानाशी कर्कश वाजला तरी मी कधी बुजले नाही, म्हणून लोक कौतुकानं झेंडूची माळ घालत. आता गंगेपलीकडे, कासाच्या गवताशेजारी आमचा तबेला आहे. रेतीवर आलेल्या मुलांना माझी लेक कस्तुरी फिरवते.

आमचे मालक बिंदुमाधव रामघाटावर राहतात. त्यांच्या आई, पद्माताई, रोज त्यांच्याबरोबर नावेतून येतात. पितृपंधरवड्यात त्या गोग्रास घेऊन आल्या. गाय कुठेच दिसेना. तेवढ्यात गवतातून नीलगाय डोकावली.

"आई, ती जंगली आहे," मालक म्हणाले.

"असू दे. तुझे बाबा काही नखरे करणारे नव्हते. तू मध्ये तंगडी घालू नकोस!"

नीलगाईनं आमच्या गव्हाणीजवळच घास खाल्ला. पंधरवडा संपला तरी ताईंचा नेम संपला नाही. नीलगाय रोज येई, आणि तिच्या अंगावरून गोमाश्या येत. तिनं कातडी थरथरवली की त्या उठत आणि कस्तुरीच्या मानेवर बसत.

कस्तुरीला ताप येऊ लागला. उतरे, पुन्हा चढे. पोटभर खाऊनही फासळ्या दिसू लागल्या, पाय सुजले. ताईंनी तिला काळा दोरा बांधला. "नजर लागली पोरीला. बघ, आज ताप नाही!" त्या म्हणत. मलाही खरंच वाटे.

मग एका सकाळी कस्तुरी खाली बसली ती उठेचना.

जनावरांच्या डॉक्टर मैत्रेयी आल्या. रक्ताचा थेंब त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. "सर्रा आहे. रक्तात परजीवी वळवळताहेत. फार उशीर केलात."

"वाचेल ना?" मालकांनी विचारलं.

"इंजेक्शन देते. संध्याकाळपर्यंत उभी राहिली तर आशा आहे." त्यांची नजर गव्हाणीजवळच्या नीलगाईच्या खुरांच्या ठशांकडे गेली. "ही इथे येते? रानातल्या जनावरांच्या रक्तात हे असू शकतात. ती धडधाकट दिसतात. माशी एकीला चावते, लगेच दुसरीला."

"म्हणजे मीच बोलावलं तिला," ताई पुटपुटल्या.

दिवसभर मी लेकीजवळ उभी राहिले. तिच्या नाकपुड्या हलतात का, एवढंच पाहत होते. मालकांनी कडुलिंबाचा धूर केला. ऊन कललं, तशा डॉक्टर पुन्हा आल्या. कस्तुरी तशीच पडून.

सवयीनं नीलगाय आली. ताईंच्या हातात डबा होता. त्यांनी झाकण घट्ट लावलं, मातीचं ढेकूळ उचललं आणि तिच्या बाजूला फेकलं. "जा बाई. तुझं काही चुकलं नाही, पण इथे येऊ नकोस."

नीलगाय धडधडत पळाली. त्या आवाजानं कस्तुरीनं कान टवकारले. पुढचे पाय रोवले, घसरली. पुन्हा रोवले. मालक धावले, तर डॉक्टरांनी त्यांना अडवलं. "स्वतः उठू द्या!"

ती उठली. चारही पाय लटपटत होते, पण उभी होती.

आता आमच्या खिडक्यांना जाळी आहे आणि गोग्रास गल्लीतल्या गाईला मिळतो. मित्रांनो, रानातल्या जनावरांना दगड मारू नका. त्यांना त्यांच्या रानात राहू द्या. घोडा वाळत चालला तर दोरे बांधत बसू नका, लवकर डॉक्टर बोलवा. आणि आमच्या मानेवर माशी दिसली, तर तेवढी हाकला. आमची शेपटी तिथवर पोचत नाही.