एका बंदुकीवर दोन दुर्बिणी

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. चांदण्या बघायची नव्हे, आणि बोटीवरची तर नव्हेच. छऱ्याच्या बंदुकीवर बसून कागदावर नेम धरायला मदत करणारी दुर्बीण. माझी गोष्ट ऐकून हळहळायचं असेल तर आत्ताच उठा. मला कोणाची कीव नको. मला राग आलेला आहे, आणि तो कोणाकोणावर आहे ते सांगायला मी बसले आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. डोक्याला टोप्या आणि हातांत मोजे घातलेल्या बायका लांब टेबलाशी बसायच्या आणि धुळीचा कणही आत जाऊ न देता भिंगं बसवायच्या. माझ्या पोटात बारीक तारेची फुली बसवली, कोरडी हवा भरली आणि दोन्ही तोंडं बंद केली. मग मला एका यंत्रावर आवळून दणके दिले. मागे दणका, पुढे दणका, पुन्हा मागे. कारण स्प्रिंगची बंदूक हे एक अवलक्षणी प्रकरण असतं. बाकीच्या बंदुका एकदा मागे ढकलतात आणि गप्प बसतात. ही आधी मागे हिसडा देते आणि लगेच पुढे. दिसायला गरीब, पण भल्याभल्या दुर्बिणींची आतडी सैल करते. माझ्याबरोबरच्या दोघी त्या यंत्रावरच गेल्या. मी टिकले. तपासणाऱ्या बाईने मला डोळ्याला लावलं, समोरचा कागद पाहिला आणि म्हणाली, "ही चांगली निघाली." आयुष्यात माझ्या वाट्याला आलेलं कौतुक ते एवढंच.

आणि नंतर खोक्यावर छापलं काय? 'नवशिक्यांसाठी, परवडणारी.' जन्मलेल्या लेकराच्या कपाळावर कोणी 'स्वस्त' असं गोंदवतं का?

दुकानात मला खालच्या फळीवर ठेवलं. वरच्या फळीवर लांबलचक, काळ्याभोर, चकचकीत दुर्बिणी मानेवर मान टाकून पडलेल्या असायच्या. गिऱ्हाईक आलं की आधी त्यांच्याकडे बघायचं. एका दुपारी एक तरुण बाई आली. तिनेही बोट वरच केलं.

"ती मोठी दाखवा."

दुकानाची मालकीण चष्म्यावरून बघत म्हणाली, "आधी बंदूक कुठली ते सांगा."

"सासूबाईंची जुनी आहे. नळी मोडून छरा भरायची."

"म्हणजे स्प्रिंगची. आणि मारणार किती लांबून?"

"क्लबात. दहा मीटर."

"मग वर कशाला बघता? ती लांबच्या माळावर नेम धरायची वस्तू. जवळचा कागद तिच्यातून धुक्यात बुडाल्यासारखा दिसेल. शिवाय जितकं मोठं दिसतं ना बाई, तितका आपला हातही मोठा थरथरताना दिसतो. नवीन माणूस त्यानेच बिचकतो." मग तिने मला उचललं. "ही चार पट दाखवते. जवळचं स्वच्छ दिसतं. झटका सोसते. शिकायला आणखी काय हवं?"

"एवढीशीच आहे हो."

"एवढीशी आहे, पण परवडेल."

झालं! झटका सोसते, जवळचं स्वच्छ दिसतं, हे सगळं त्या तरुण बाईने ह्या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं होतं. 'परवडेल' एवढा एकच शब्द तिच्या कानात अडकला. मित्रांनो, तिने अगदी योग्य वस्तू घेतली, पण वस्तूचा मान राखून घेतली नाही. नाइलाज म्हणून घेतली. पुढचं सगळं रामायण ह्यातून झालं.

ती घरातली धाकटी सून. त्याच घरात थोरली सूनही होती. दोघींच्या खोल्या बोळाच्या दोन बाजूंना, समोरासमोर, आणि दोघींचे दरवाजे एकमेकींवर आपटण्यासाठीच केलेले असावेत असे आपटायचे. बोळाच्या टोकाला कुलपाचं कपाट. त्यात सासूबाईंची बंदूक. सासूबाई तरुणपणी क्लबात नेम मारायच्या. आता डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, तरी कपाटाची किल्ली कमरेला. दोन्ही सुनांनी नेमबाजी शिकायला घेतली, ती आवडीने घेतली की एकमेकींच्या नाकावर टिच्चून घेतली, ते मला विचारू नका. बंदूक मात्र दोघींनाही हवी होती, अगदी जीव टाकून.

सासूबाईंनी एका जेवणावेळी निकाल दिला. "बंदूक काही कापून वाटता येत नाही. क्लबात नवशिक्यांचा सामना आहे. जी जास्त गुण आणेल, बंदूक तिची. दुसरीने तोंड मिटायचं."

"आणि बरोबरी झाली तर, आई?" धाकटीने विचारलं.

"तुमची कधी कशात बरोबरी झालीय?" सासूबाई म्हणाल्या.

मला घरात आणल्याचं कळताच थोरली दुसऱ्याच दुकानात गेली. तिथल्या माणसाने बंदूक कुठली, अंतर किती, काहीही विचारलं नाही. वरच्या फळीवरची सगळ्यांत लांब दुर्बीण तिच्या हातात दिली आणि हसून दार उघडून धरलं. ती त्या जुन्या बंदुकीवर चढवली तेव्हा नाकापेक्षा मोती जड! थोरली मात्र बोळातून अशी चालली की जणू तोफ घेऊन निघाली.

मला पाहून ती म्हणाली, "अगंबाई, हे काय? बंदुकीला पेन लावलंस का?"

"पेनाने निदान लिहिता तरी येतं, ताई. तुमच्या त्या मुसळाने काय कांडणार?" धाकटी म्हणाली.

माझ्या बाजूने बोलली म्हणून मला बरं वाटावं? छे! खोलीत गेल्यावर तीच नवऱ्याला म्हणाली, "स्वस्तातली आहे, काय भरवसा तिचा?"

सराव सुरू झाला. एक दिवस थोरलीचा, एक दिवस धाकटीचा. आणि इथे दोघींनी जो गाढवपणा केला तो ऐका. थोरली क्लबात जाऊन बंदुकीवर आपलं मुसळ चढवायची. दुसऱ्या दिवशी धाकटी मला चढवायची. आपली दुर्बीण दुसरीच्या उपयोगी पडू नये म्हणून सराव संपला की दोघीही ती लगेच उतरवून आपापल्या खोलीत न्यायच्या. क्लबाचे कोच सर कपाळाला हात लावायचे. "अहो, दुर्बीण काढून पुन्हा बसवली की नेम सरकतो. एक कोणतीतरी कायम राहू द्या. दोघीही तीच वापरा."

"त्यांची?" धाकटी म्हणायची.

"तिची?" थोरली म्हणायची.

सर दुसऱ्या शिकाऊंकडे वळायचे.

माझ्या अंगावर दोन चकत्या आहेत. एक फिरवली की नेम वर-खाली सरकतो, दुसरी फिरवली की डावी-उजवीकडे. त्या फिरवायच्या असतात, पण धीराने. एका छऱ्यावरून काहीच कळत नसतं. श्वास हलतो, बोट अडखळतं. पाच छरे मारावेत, ते कुठे जमतात ते पाहावं आणि मगच चकतीला हात लावावा. कोच सरांनी हे दोघींना पढवलं होतं. पण धाकटीचा माझ्यावर विश्वासच नव्हता ना! छरा जरा उजवीकडे गेला की तोंडाने "शी! स्वस्तातलं ते स्वस्तातलंच," आणि हाताने चकती डावीकडे. पुढचा छरा डावीकडे गेला की चकती उजवीकडे. दिवसभर माझे कान पिरगाळणं चालायचं. चूक बोटाची, शिक्षा मला.

सामन्याचा दिवस आला. लांबट हॉल, पलीकडच्या भिंतीशी दिव्याखाली लावलेले कागद, मागे खुर्च्या. सासूबाई पहिल्या खुर्चीत काठीवर हनुवटी टेकून बसल्या होत्या. दिसत काही नव्हतं, पण कान टवकारलेले. प्रत्येकीला सरावाचे पाच छरे आणि गुणांचे दहा.

धाकटीची पाळी आधी होती. मी तुम्हाला सांगते, त्या दिवशी तिचा हात चांगला होता. शांतपणे मारले असते तर सगळे छरे एका नाण्याखाली झाकले गेले असते. पण पहिला छरा काठाला लागला आणि लगेच तिचा हात माझ्या चकतीवर. टिक, टिक, टिक. प्रत्येक छऱ्यामागे टिक, टिक. सरावाचे संपले तरी थांबली नाही. दहा छरे संपले तेव्हा कागद चाळणीसारखा झाला होता. गुण बरे म्हणण्यासारखे होते, इतकंच. उठताना ती सर्वांना ऐकू जाईल असं म्हणाली, "दुर्बीण धड असती तर ह्याच्या दुप्पट मारले असते."

माझं भिंग तडकलं नाही, हेच नवल.

मग थोरली पुढे आली. धाकटीने मला उतरवलं, थोरलीने आपलं मुसळ चढवलं आणि सरावाचा पहिला छरा मारला. आणि डोळा लावून तशीच बसून राहिली.

"काय झालं?" सरांनी विचारलं.

"फुली वाकडी दिसतेय."

सरांनी पाहिलं. इतके दिवस मागे-पुढे हिसडे खाऊन त्या चकचकीत दुर्बीणबाईची आतडी सुटली होती. आतली फुली सैल होऊन गरागरा फिरत होती. मी हसले का? हसले. पोटभर हसले.

सर म्हणाले, "ह्याने मारता येणार नाही. माघार घ्या, नाहीतर धाकट्या जाऊबाईंची दुर्बीण मागा."

माघार म्हणजे बंदूक गेली. थोरलीने मान न वळवता हात मागे केला. "दे."

धाकटीला तर पर्वणीच. "घ्या ना, ताई. पेन आहे, पण चालेल ना तुम्हाला?"

"तूच बसव. मी दुसऱ्याच्या वस्तूला हात लावत नाही."

"बसवते. आणि चकत्या?"

"सांगितलं ना, हात लावणार नाही. तुझ्या हातचं तुझ्याजवळ."

धाकटीने हसत हसत मला बसवलं. चकत्या तिने पार बिघडवून ठेवल्या होत्या, हे तिला ठाऊक होतं. म्हणूनच हसत होती. थोरलीने सरावाचे उरलेले चार छरे मारले. चारही खाली उजव्या कोपऱ्यात गेले, पण चारही एकमेकांना चिकटून. मी म्हटलं, आता ही चकती फिरवणार. पण छे! बाईचा ताठा एवढा, की माझ्यावर बोट टेकवायचीही तिला लाज. मग तिने काय केलं? छरे जितके खाली आणि उजवीकडे जात होते, तितकाच नेम वर आणि डावीकडे धरला. काळ्या ठिपक्याकडे बघायचं नाही, पांढऱ्या कागदावरच्या रिकाम्या जागेवर फुली धरायची आणि मारायचं. दहा छरे. काळ्या ठिपक्याच्या मधोमध एकच ओबडधोबड भोक पडलं.

मला ती बाई आवडत नव्हती, आजही आवडत नाही. पण त्या दहा छऱ्यांत कोणीही माझा कान पिरगाळला नाही. मी किती चांगली आहे ते मला त्या दिवशी, माझ्या वैरिणीच्या डोळ्याखाली कळलं.

सासूबाईंनी कमरेची किल्ली सोडून थोरलीच्या हातात ठेवली. "बंदूक तुझी. आणि तू," त्या धाकटीकडे वळल्या, "तोंड मीट."

धाकटीने तोंड मिटलं. पण पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढला आणि तिथेच मला उतरवायला लागली.

थोरली म्हणाली, "राहू दे की. तुला आता कशाला लागते?"

"बंदूक तुमची, ताई. दुर्बीण माझी. तुम्ही दुसऱ्याच्या वस्तूला हात लावत नाही ना?"

थोरलीने एकदाच मागायचं होतं. एक शब्द, 'दे गं.' पण तो तिच्या गळ्यातून निघाला नाही. माझ्यासारखी दुसरी आणायची म्हणाल, तर ज्या वस्तूला पेन म्हणून हिणवलं, तीच दुकानात जाऊन कशी मागणार? तेव्हापासून बंदूक त्या खोलीत आणि मी ह्या खोलीत. बंदुकीला दिसत नाही, मला मारता येत नाही.

मित्रांनो, तुम्हाला वाटेल की मी धुळीत पडले असेन. अजिबात नाही. दर सुट्टीच्या दिवशी धाकटी दार सताड उघडं टाकून बसते आणि मऊ फडक्याने माझी भिंगं पुसते, समोरून दिसावं म्हणून. समोरच्या दारात थोरली बंदुकीला तेल लावत बसते, इकडून दिसावं म्हणून. दोघीही एकमेकींकडे बघत नाहीत. सासूबाई मधून काठी टेकत जातात आणि म्हणतात, "घासा, घासा. झिजवून टाका." मग दोन्ही दारं आपटतात आणि मी पुन्हा खणात, मऊ फडक्यात गुंडाळलेली.

वस्तूंची काळजी घ्या, असं तुम्हाला माझ्यासारखीने सांगायचं असतं. मी सांगणार नाही. माझी काळजी किती घेतात ते पाहिलंत ना? वस्तू घेताना आपल्याला काय करायचं आहे ते बघा, आणि एकदा घेतली की तिच्यावर भरवसा ठेवा. मोठी का छोटी, महाग का परवडणारी, हे शेजारणीला विचारू नका. आणि तुमच्या घरी माझ्यासारखी कोणी खणात असेल, तर मेहेरबानी करून तिला पुसू नका. बाहेर काढा, कामाला जुंपा, तिच्यावर ओरखडे पडू द्या. ज्याला वापरायची नाही त्याने ज्याला वापरायची आहे त्याला द्यावी. अगदी जाऊ असली तरी.