दार ठोठावण्याची वही

भिंतीवर सव्वीस खुंट्या, खुंट्यांवर सव्वीस कप, आणि त्यांतल्या कुठल्याही दोन कपांचं एकमेकांशी जमत नव्हतं. एकावर मासा, एकावर कुठल्याशा बँकेचं नाव, एकाचा कानच तुटलेला. कपांची माणसंही साधारण तशीच. लॉर्ना किवेला रोज दुपारी वाटाण्याचं सूप ढवळता ढवळता भिंतीवरून नजर फिरवायची आणि कोण आलं, कोण नाही याचा हिशेब लावायची. हजेरीपट तिथे नव्हता. ज्यांची नावं वर्षानुवर्षं इस्पितळांच्या फायलींत चढली, त्यांच्याकडे इथे आणखी सह्या कोण मागणार?

नियम एकच होता. कप सलग दोन दिवस खुंटीवरून हलला नाही, की तिसऱ्या दिवशी कोणीतरी सुपाची बरणी घेऊन त्या माणसाचं दार ठोठावायचं. परत आल्यावर कपांशेजारी दोरीने टांगलेल्या निळ्या वहीत दोन ओळी लिहायच्या: कोणाचं दार, काय दिसलं, कोण गेलं. नियम म्हाताऱ्या वेंडेलचा. तो पूर्वी एकदा नऊ दिवस अंथरुणातून उठला नव्हता, आणि त्या नऊ दिवसांत दारावर आलं कोण, तर मीटर बघणारा.

हे घर म्हणजे ओंटारिओच्या उत्तरेला, कागदगिरणीच्या गावातलं बंद पडलेलं बुटांचं दुकान. डॉक्टर नाही, नर्स नाही. चालवणारे आणि येणारे सगळे कधी ना कधी मनोरुग्णांच्या वॉर्डात राहून आलेले. लॉर्ना स्वतः दोन हिवाळे आत होती. प्रांताच्या आरोग्य खात्याने घराला मार्चपर्यंतचा निधी दिला होता. पुढचा देण्याआधी खात्याला पुरावा हवा होता की असल्या घराचा माणसांना आणि गावाला काही उपयोग होतो. तो शोधायला विद्यापीठाने मार्गरित तेसिएला धाडलं होतं. तिने गेल्या ऑक्टोबरात, घर उघडून जेमतेम महिना झालेला असताना, सव्वीस जणांकडून एक फॉर्म भरून घेतला. झोप उडते का, भीती वाटते का, आवाज ऐकू येतात का. या ऑक्टोबरात तोच फॉर्म पुन्हा. मधल्या वर्षात ती येऊन-जाऊन गाजरं सोलत होती आणि पत्त्यांत सपाटून हरत होती. तिच्यासाठी सत्ताविसावी खुंटी कधी ठोकली गेली, हे कोणालाच नीटसं आठवत नव्हतं.

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी तेसिए आली ती बर्फाचे बूट दारात न काढता थेट स्वयंपाकघरात. लॉर्नाने पायांकडे पाहिलं आणि काहीतरी बिनसलंय हे ओळखलं.

"अहवाल पुढच्या शुक्रवारी जायचाय," तेसिए म्हणाली. "त्याआधी तुला सांगणं माझं काम आहे. आकडे वाईट आहेत, लॉर्ना."

"किती वाईट?"

"गेल्या वर्षी तुमची माणसं झोपत होती. आता झोपत नाहीत. गेल्या वर्षी कोणाला भीती वाटत नव्हती, आता निम्म्यांना वाटते. आकडे असं म्हणतात, की या घरात येऊन माणसं बिघडतात."

लॉर्नाने पळी खाली ठेवली. तिला नवल वाटलं नाही. नवल वाटलं नाही, याचीच तिला लाज वाटली.

कारण गेल्या ऑक्टोबरात फॉर्म भरायच्या आदल्या दुपारी याच टेबलाशी बसून तिने सगळ्यांची तयारी करून घेतली होती. वॉर्डात फॉर्म भरून ज्यांची उमर गेली त्यांना फारसं शिकवावं लागलं नाही. 'नेहमी'वर गोल केला, की आणखी सहा आठवडे आत. सगळीकडे 'कधीच नाही' केलं, की माणूस लपवतोय असा संशय. तेव्हा दोन-तीन ठिकाणी 'कधीमधी' पेरायचं. "झोपेच्या प्रश्नाला 'कधीमधी' द्या, झोपेला कोणी पकडत नाही," वेंडेलने तज्ज्ञाच्या थाटात सांगितलं होतं. या ऑक्टोबरात कोणी कोणाला काही शिकवलं नाही. वर्षभर जिच्याकडून पत्त्यांत जिंकलो, तिच्याशी खोटं कशाला बोलायचं? सगळ्यांनी खरं लिहिलं. खरं लिहिलं आणि नापास झाले.

गप्प राहिलं तर अहवाल जातो आणि मार्चमध्ये दाराला कुलूप लागतं. बोललं तर तेसिएचं वर्षभराचं काम पाण्यात जातं, आणि हे लबाड लोक म्हणून कुलूप तरीही लागतंच. लॉर्नाने दोन्हीकडची बेरीज करून पाहिली. उत्तर सारखंच येत होतं. मग निदान पोटातलं ओझं तरी उतरू दे, असं ठरवून तिने सगळं सांगून टाकलं.

तेसिएने खाली वाकून नाड्या सोडल्या. मग तिने एकदाचे बूट काढले.

"सव्वीसच्या सव्वीस?"

"पंचवीस. ब्रुनोने फॉर्मवर नुसती शिवी लिहिली होती."

"ती आहे माझ्याकडे. इटालियनमध्ये," तेसिए म्हणाली आणि खुर्चीत टेकली. "म्हणजे गेल्या वर्षीचं खरं असं माझ्याकडे काहीच नाही. आणि आता आठवून सांगितलेलं चालत नाही. त्या दिवशी, त्या दिवसाबद्दल लिहिलेलं काहीतरी हवं. मला दाखवायला म्हणून लिहिलेलं नको."

दोघींची नजर एकदमच भिंतीकडे गेली. निळी वही दोरीला लटकत होती.

"हात लावायचा नाही," लॉर्ना म्हणाली. "ती माझी नाही. सगळ्यांची आहे. विचारावं लागेल."

दुसऱ्या दिवशी सूप वाढून झाल्यावर विचारलं. वहीत नावं होती, कोणाचं न्हाणीघर कसं होतं ते होतं, कोण किती दिवस कपडे न बदलता पडून होतं तेही होतं. तेसिएने एक तोड काढली: नावं लिहून घ्यायची नाहीत, त्यांच्या जागी कप लिहायचे. माशाचा कप, बँकेचा कप. कोणता कप कोणाचा, हे भिंतीपलीकडे कोणाला ठाऊक?

चोवीस हात वर झाले. वेंडेलचा हात पाव तोडण्यात गुंतला होता, तोही त्याने वर केला. ब्रुनो झानात्ता मात्र हाताची घडी घालून बसला होता.

"तीन इस्पितळांच्या फायलींत आहे मी. चौथीत जायचं नाही मला."

"अरे, तुझी पानं किती असणार? दोन?" वेंडेल म्हणाला. "तू काय एवढा मोठा माणूस आहेस?"

"दोन असोत नाहीतर अर्धं. माझी पानं चिमट्याने बंद करा."

"कर ना बंद. पण आधी वाच तरी, काय बंद करतोयस ते."

वर्षभरात ब्रुनोने ती वही एकदाही उघडली नव्हती. त्याने चष्मा लावला. गेल्या वर्षीचा ऑक्टोबर, फॉर्मांनंतरचा आठवडा. ब्रुनो. दार उघडलं नाही. सूप पायरीवर ठेवलं. वेंडेल. त्याखाली चार दिवसांनी पुन्हा तेच. मग पुन्हा. अकरा वेळा तेच वाक्य, तेच गिचमिड अक्षर, आणि बाराव्या वेळी, डिसेंबरात: दार उघडलं. शिव्या दिल्या. बरण्या परत दिल्या. सगळ्या धुतलेल्या.

ब्रुनोने पान उलटलं नाही. नाक ओढलं.

"अकरा वेळा आलास?"

"सूप उरत होतं," वेंडेल म्हणाला.

"धुतलेल्या होत्या हे लिहायला बरं विसरला नाहीस, म्हाताऱ्या."

"तेवढीच तर तुझी चांगली गोष्ट होती."

थोड्या वेळाने ब्रुनोने वही टेबलावरून तेसिएकडे सरकवली. "चिमटा नको. पण माझा कप तुटक्या कानाचा आहे, तसंच लिहायचं. उगीच सजवायचं नाही."

तेसिए दोन दिवस त्या वहीवर वाकून बसली. ज्या आठवड्यात बँकेच्या कपाने फॉर्मवर झोपेच्या प्रश्नाला 'कधीमधी'वर गोल केला होता, त्याच आठवड्यात वही सांगत होती की बँकेचा कप चार रात्री झोपलेला नाही, खिडक्यांना चादरी लावल्यात. गेल्या ऑक्टोबरात एकोणीस दारं ठोठावावी लागली होती. या ऑक्टोबरात चार, आणि चारही उघडली. मध्येच तिने बोट ठेवलं.

"ही बेकरीच्या माडीवरची बाई कोण? एकतीस वेळा आहे. हिचा कप कुठला?"

"तिचा कप नाही," लॉर्ना म्हणाली. "ती आमच्यातली नाही. डोकं एकदम ठीक आहे तिचं, नुसती म्हातारी आहे. जिना उतरवत नाही. मग म्हटलं, बरणी त्याच रस्त्याने तर जाते."

"आणि हा टपालवाला? ही खालच्या गल्लीतली बाळंतीण?"

"ती दोघंही त्याच रस्त्यावर."

तेसिएने पेन खाली ठेवलं. "लॉर्ना, गावाला तुमचा काय उपयोग, असं मी तुला वर्षभर विचारत होते. तू दर वेळी म्हणालीस, 'सांगता येणार नाही.'"

"उपयोग म्हणून कोणी केलं नव्हतं ना ते."

नवा अहवाल शुक्रवारी गेला. पहिले फॉर्म खोटे कसे आणि का निघाले, हेही तेसिएने त्यात लपवलं नाही. सोमवारी तेसिएचा कप खुंटीवरच. मंगळवारीही. लॉर्ना दर तासाला फोनकडे बघत होती, आणि तेवढ्यांदा सूप खाली लागत होतं.

बुधवारी ब्रुनो उठला, बरणी भरली आणि टोपी घातली. "तिसरा दिवस."

"अरे, ती कामात असेल."

"मीही कामातच होतो. नियम तो नियम."

लॉर्नाही त्याच्यामागे निघाली. हायवेवरच्या मोटेलात सात नंबरच्या दारावर त्याने असा काही हात मारला की शेजारच्या दोन खोल्यांचे पडदे हलले. तेसिएने दार उघडलं. अंगात चुरगळलेला स्वेटर, केसांचा चिवडा, हातात फोन.

"उत्तर नसताना तोंड कसं दाखवू, म्हणून आले नाही," ती म्हणाली. "आत्ता फोन ठेवला. तीन वर्षं. खात्याने तीन वर्षं मंजूर केली. त्या गृहस्थाने विचारलं, वहीची पद्धत दुसऱ्या गावांना शिकवाल का."

 लॉर्ना मोटेलच्या पायरीवर, बर्फातच बसली आणि हसायला लागली. तेसिए तिच्याशेजारी बसून रडायला लागली. ब्रुनो बरणी धरून दोघींकडे आळीपाळीने बघत उभा.

"घ्या ना ही आधी. निवतंय सूप."

परत आल्यावर कपांच्या भिंतीशी कोट न काढताच त्याने पेन्सिल मागितली. वहीत त्याच्या अक्षरातली ही पहिलीच नोंद. जीभ बाहेर काढून, एकेक शब्द दाबून त्याने लिहिलं:

पाहुणीचा कप. तीन दिवस. दार उघडलं. रडत होती, पण काळजीचं नाही. बरणी अजून परत यायची आहे. ब्रुनो.