वाळवणबाबाची भट्टी

मठात भिंतीपर्यंत माणसं दाटली होती. जाळीच्या फरशीवर ओला मका पसरलेला आणि समोर वाळवणबाबा डोळे मिटून बसलेला. ना ऊन, ना विस्तव. तरी मक्यातून वाफ निघत होती आणि बायका डोळे पुसत होत्या.

पन्नास वर्षं झाली, पण तो तुपकट आवाज अजून माझ्या कानात आहे. "घरातलं पाप कणसांच्या दाणे काढलेल्या बिट्ट्यांत उतरतं. त्या मला द्या. मी पाप गिळतो, दाणा वाळतो." वर चौथा हिस्सा मका त्याचा. गिळायला पाप आणि साठवायला मका.

बारा दिवस सूर्य दिसला नव्हता. माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या मक्याला बुरशी धरू लागली होती. दीर गेल्यापासून त्यांचं वर्षभराचं पोट तेवढ्याच पोत्यांवर. त्यांनी मका नेला, पण बिट्ट्या टोपलीभरच; बाकीच्या चुलीत गेल्या होत्या. मका ओलाच राहिला.

"पाप लपवलंस, बाई," बाबा म्हणाला. "नवरा उगाच नाही गेला."

लोक मागे सरले. आमच्या सासूबाईसुद्धा.

परतताना जाऊबाईंनी मला विचारलं, "अगं, गिरणीवाल्याने किती बिट्ट्या दिल्या?"

"गाडीभर. मका दुपारपर्यंत खडखडीत."

"तो मापात मारतो. पाप जास्त, म्हणून लवकर वाळला होय?" त्या थांबल्या. "आणि बाबा हवेवर जगतो ना? मग त्याच्या स्वयंपाकघराचं धुराडं दिवसभर कुणासाठी धुमसतं?"

दुसऱ्या दिवशी भर गर्दीत त्या थेट त्या स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी गेल्या.

"आत देव आहे," चेला आडवा आला.

"मग भेटते की," म्हणत त्यांनी कडी काढली.

आत बिट्ट्यांनी भरलेली भट्टी धगधगत होती. तिच्या तापलेल्या पत्र्यावरची हवा एक मोठा पंखा फरशीखाली ढकलत होता. पंख्याची घरघर झाकायला बाहेर अखंड जप. ज्याच्या बिट्ट्या त्याच्यापुरतीच आग. त्या संपल्या की भट्टी निवायची आणि माणूस पापी ठरायचा.

बाबा कुंपणावरून पसार झाला. लोक चेल्याला बदडायला धावले. मला त्यांचीच जास्त चीड आली. काल मागे सरले ते हेच.

"मारामारी पुरे," जाऊबाई म्हणाल्या. "भट्टी विझतेय. बिट्ट्या आणा, माझा मका राहिलाय."

पहिली टोपली सासूबाईंनी आणली, मान खाली घालून. संध्याकाळपर्यंत मका वाळला.

जाऊबाई आता नाहीत. बाबा मात्र रोज नवे येतात. गरम हवा दाण्यातली ओल नेते आणि ती हवा तापवायला आपल्याच शेतातला कचरा पुरतो. त्यात पाप नाही की पुण्य नाही. तेव्हा चमत्कार दिसला की हात जोडत बसू नका. उठा आणि आधी मागच्या दाराची कडी काढा.