मामांच्या घरातला मनदिवा

मित्रांनो, मी एक जुना मनदिवा आहे. दुधी काचेचा, गोल, ओंजळीत मावेन एवढा. घरातल्या माणसांना आपले मन कळावे म्हणून मला बनवले. आज माझी भावंडे बऱ्याच घरांत आहेत, पण त्यांच्यात मी थोरला.

मला घडवणारी ताई एका शांत प्रयोगशाळेत काम करत असे. तिथे सगळे हळू बोलत. त्यांचे आवाज ऐकून मी शिकलो, की चढा आवाज म्हणजे राग, तेव्हा लाल व्हायचे. शांतता असली की मन स्वस्थ, तेव्हा हिरवे. माझे फार कौतुक झाले. मग ताईने मला तिच्या मामांच्या स्वयंपाकघरात ठेवले.

मामांचा जन्म कापडगिरणीच्या खडखडाटात गेलेला. कान अधू, आवाज चढलेला. "मीठ दे," म्हणाले, मी लाल. "चहा झकास झालाय," म्हणाले, तरी लाल.

"घ्या, तुम्ही रागीट आहात, आता दिवाही माझ्या बाजूनं साक्ष देतोय," मामी हसून म्हणाली.

त्या दिवसापासून मामा हळूहळू गप्प झाले. हाताने खुणा करू लागले, मग तेही थांबले. मी मात्र हिरवागार.

ताई आली आणि मला हिरवा पाहून खूश झाली. मामी म्हणाली, "हिरवा कसला? घर खायला उठतंय. ने बाई तुझा दिवा."

ताईने मामांच्या कानाशी तोंड नेऊन विचारले, "मामा, बोलत का नाही?"

"यंत्र कशाला खोटं बोलेल? म्हटलं, आपणच रागीट असू."

ताईचा चेहरा उतरला. तिने मला परत नेले आणि माझे ऐकणेच काढून टाकले. त्या जागी एक कडे बसवले. ज्याने त्याने आपल्या हाताने ते फिरवायचे, आपला रंग आपण लावायचा.

मी परत आलो तेव्हा मामांनी बराच विचार करून निळा लावला. निळा म्हणजे उदास.

"का हो?" मामीने विचारले.

"तू थट्टा केलीस ती लागली."

"मग तेव्हाच सांगायचं."

"दिवा लाल झाला असता."

"होऊ दे की. मी काय दिव्याशी लग्न केलंय?"

मामा इतके मोठ्याने हसले की फळीवरची भांडी वाजली.

मित्रांनो, माझ्या काचेवर धूळ बसली तर जरूर पुसा. पण माझा रंग पाहून तेवढ्यावर निघून जाऊ नका. ज्याने तो लावला, त्याच्याजवळ जरा बसा आणि विचारा, "का रे?" तेवढे मात्र मला येत नाही.