खताबाहेरची विहीर

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे, पण शाळेतला नव्हे. माझ्यावर कुणी नाव कोरलं नाही की शाई सांडली नाही. मी वकिलाचा बाक. रत्नागिरीत झाडगावातल्या आप्पा वकिलांच्या ओसरीवर माझी उमर गेली.

एकोणीसशे एकवीसच्या वादळात आप्पांच्या परसातला फणस आडवा झाला. गंगाराम सुताराने त्याच्या फळ्या काढून मला घडवलं. ऐसपैस लांबी दिली, पण पाठ दिली नाही. पाठ टेकायला मिळाली की पक्षकार पेंगतात, असं त्याचं म्हणणं. आता आप्पा थकले, वकिली सुटली आणि मी गोठ्यात पेंढ्याच्या भाऱ्याखाली आलो. त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही. मला सलतं ते निराळंच आहे.

आप्पा जमीन-घरांच्या कामातले जाणते. कुणी घर घ्यायचं म्हणून आला की ते आधी कचेरीत जाऊन जुने दस्त चाळायचे. मग छत्री घेऊन ती जागा पायांनी फिरायचे आणि मगच खरेदीखत लिहायला बसायचे. माणसाला तीन-तीन खेपा पडत. लोक कुरकुरत, पण पुढे नारळ घेऊन येत आणि जाताना मलाही थोपटत. त्या दिवसांत मला स्वतःचा फार अभिमान होता. थोडा नको इतका होता.

एकतीस सालच्या श्रावणात धाकू आणि त्याची बायको सोनूबाई आली. धाकू मूळचा हर्ण्याचा, मचव्यावर, म्हणजे शिडाच्या गलबतावर, तांडेल, खलाशांचा म्होरक्या. पावसाळ्यात समुद्र बंद असतो, तेवढाच तो घरी. नारळी पुनवेला दर्यात नारळ पडला की मचवा निघायचा आणि धाकू पुढच्या पावसाळ्याशिवाय दिसायचा नाही. सोनूबाईने दहा वर्षं मांडवीत भाड्याच्या खोलीत काढली होती. तिला स्वतःचं घर हवं होतं. महिपत नावाच्या गृहस्थाचं चढणीवरचं जांभ्याचं कौलारू घर तिच्या मनात भरलं होतं.

सोनूबाई माझ्या मधोमध बसली. धाकू कडेला टेकला. कडेला टेकणारा उठायच्या तयारीनेच बसलेला असतो, हे मी अनुभवाने सांगतो.

"आप्पा, खत कदी होईल? पुनव चार दिसांवर आली," धाकू म्हणाला.

"पंधरा दिवस लागतील." आप्पांनी कागदांतून मानही वर केली नाही.

"महिपत म्हनतो, त्याचे वकीलच दोगांचा लिवतील. एका दिसात. वर म्हनतो, वेगळा वकील कशाला? माज्यावर इस्वास नाय काय तुजा?"

"मग जा त्याच्याच वकिलाकडे. घाईवाल्यांचं काम मी करत नाही."

सोनूबाई पुढे सरली. "पन आप्पा, ती बाव..." विहिरीला आमच्याकडे बाव म्हणतात. तिचं वाक्य पुरं झालं नाही.

"चल गो, त्यांना कामा हायत," म्हणत धाकू उठला. आप्पांनीही तिला थांबवलं नाही.

इथे मला आप्पांचा राग येतो, मित्रांनो, आणि आपल्याच धन्याचा राग येणं फार जड असतं. पंधरा दिवस कशाला लागतात, हे त्यांनी दोन शब्दांत सांगितलं असतं तर? धाकूने बायकोच्या नावे मुखत्यारपत्र करून खुशाल दर्यावर जावं, मागचं काम तिच्याबरोबर पुरं करू, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण शहाणपणाला ताठा चिकटला की तो शहाणपणाही दुसऱ्याच्या कामी येत नाही. आणि धाकूला भीड पडली. ओळखीच्या माणसावर वकील घालणं म्हणजे त्याचा अपमान, असं आपल्याकडे वाटतंच.

महिपतच्या वकिलांनी खरोखरच एका दिवसात खत लिहिलं. नवरा-बायकोने अंगठे उठवले, धाकूने पेढे वाटले आणि पुनवेला तो निघून गेला.

माघात सोनूबाई रिकामी कळशी घेऊन आमच्या ओसरीवर आली. घराच्या मागे गडगा, म्हणजे दगडांची बुटकी भिंत, आणि गडग्यापलीकडे महिपतच्या राखून ठेवलेल्या जमिनीत बारमाही पाण्याची बाव. गडग्यात जायला फट होती, तिथूनच ती इतके दिवस पाणी आणायची. महिपतने ती काट्यांनी बुजवली होती. घर विकलं, बाव नाही विकली, असं त्याने तिला तोंडावर सांगितलं.

आप्पांनी खताची नक्कल दोनदा वाचली. चारी दिशांच्या हद्दी होत्या, कौलं होती, अंगणातला माडही होता.

"यात बावीचं नाव नाही, बायो. पाण्याचा हक्क लिहून घ्यावा लागतो."

"मला पयल्याच दिवशी दिसला होता, बाव गडग्यापलीकडं हाय ता. तुमाला तेच इचारनार होते. पन मला कोनी इचारलानच नाय."

आप्पांनी नक्कल मिटून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "माझं चुकलं. मी तुला बोलू द्यायला हवं होतं."

त्यांनी महिपतला नोटीस दिली. शेजारधर्म म्हणून पाणी देत होतो, असं उत्तर आलं. कोर्टात गेलो तर वर्षं जातील आणि कदाचित हरूही, हे आप्पांनी या वेळी तिला नीट समजावून सांगितलं. तोवर आमच्या विहिरीचं पाणी ने, म्हणाले. दोन उन्हाळे ती आमच्याकडून पाणी भरून चढण चढली. निघताना भरलेली कळशी माझ्यावर टेकवून दम खायची. दुसऱ्या वैशाखात तिची मान वळेनाशी झाली. मी लाकूड, करणार काय? ती टेकेल तेवढा वेळ घट्ट उभा राहायचो.

पहिला पावसाळा धाकूने तसाच काढला होता. दुसऱ्या पावसाळ्यात तो परतला. बायकोची मान पाहून दुसऱ्याच दिवशी आला आणि माझ्यावर दोन तास बसून राहिला. मग म्हणाला, "आप्पा, घर इकून टाकूया. पान्यावाचून कोन घेनार? महिपतच परत घेतोय."

महिपत पडत्या भावात घर घेत होता. ते खत आप्पांनी लिहिलं. जुने दस्त चाळायला नकोत, जागा फिरायला नको, की बावीची चौकशी नको. घेणाऱ्याला सगळं ठाऊक होतं. दिवस मावळायच्या आत काम झालं. अंगठ्याची शाई पदराला पुसत सोनूबाई उठली.

"ह्या खत बाकी लवकर झाला, आप्पा," ती म्हणाली, आणि मांडवीच्या भाड्याच्या खोलीकडे चालू लागली. आप्पा लेखणी ठेवून उठले. ते माझ्यावर, तिच्या जागी, येऊन बसले.

मित्रांनो, मोठेपणी तुम्ही घर घ्याल, तेव्हा विकणाऱ्याने पुढे केलेला वकील घेऊ नका, आपला आपण शोधा. तो वेळ मागेल, तर कशाला हवा ते न लाजता विचारा. आणि तुमच्यातला कुणी वकील झाला, तर त्याने एवढं करावं: त्या घरात जी पाणी भरणार आहे, तिला आधी बोलू द्यावं. तिचं ऐकायला पंधरा दिवस लागत नाहीत.